टॉर्च पॉझिटिव्ह आली म्हणून गर्भ पाडू नका, आधी हे वाचा

तुमच्या घरात कुणाला दिवस गेले असतील, तिची 'टॉर्च' तपासणी झाली असेल आणि रिपोर्टवर 'टॉक्सोप्लाझ्मा आयजीएम' या ओळीपुढे 'पॉझिटिव्ह' असं ठळक छापून आलं असेल, तर हे आवाहन तुमच्यासाठी आहे. आज काही ठरवू नका. पिशवी साफ करून घ्यायची तारीख मिळाली असेल, तर डॉक्टरांशी बोलून ती पुढे ढकला. त्या एका ओळीवरून पोटातल्या बाळाला काही झालं आहे असं सिद्ध होत नाही. बाईला याच गरोदरपणात संसर्ग झाला, एवढंसुद्धा सिद्ध होत नाही. ते ठरवायच्या तपासण्या वेगळ्या आहेत, त्या आपल्याकडे होतात, आणि त्यांना थोडे दिवस लागतात. ते दिवस त्या बाईला मिळावेत, म्हणून हे लिहिते आहे.

मी सूक्ष्मजीवशास्त्राची डॉक्टर. पश्चिम महाराष्ट्रात जिल्ह्याच्या गावी एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत २७ वर्षं रक्ताच्या रिपोर्टांवर सह्या केल्या. त्यातली एक सही मला अजून छळते.

नोकरीची सुरुवातीची वर्षं होती. पंचविशीतली एक मुलगी, पहिलं मूल अडीच वर्षांचं, मधे एकदा दुसऱ्या महिन्यात पडलेलं, आणि आता पुन्हा तेरावा आठवडा. मधलं मूल पडलं म्हणून यावेळी टॉर्च सांगितलेली. एलायझाची ताटली मी स्वतः वाचली. आयजीजी पॉझिटिव्ह. आयजीएमचा आकडा १.३. आमच्या त्या वेळच्या किटमध्ये १.१च्या वर गेलं की पॉझिटिव्ह लिहायचं, असा नियम. मी पॉझिटिव्ह लिहिलं, सही केली, पुढचा कागद ओढला.

पाचव्या दिवशी तिची सासू खिडकीशी आली. रिपोर्टची दुसरी प्रत हवी होती, पहिली एसटीत भिजली. मी सहज विचारलं, पुन्हा दाखवायला कधी जाणार? ती म्हणाली, "आता कशाला दाखवायचं बाई? काल पिशवी धुतली तिची. मूल वेडंवाकडं निघंल म्हणाले, मग ठेवायचं कसं?" तिच्या आवाजात राग नव्हता. कागद छापून निघेपर्यंत ती पदराने प्लास्टिकची पिशवी पुसत उभी राहिली. कागद नीट घडी करून त्या पिशवीत ठेवला आणि गेली.

पुढच्या वर्षी आमच्याकडे ॲव्हिडिटी नावाच्या तपासणीचं किट आलं. नवं किट आलं की जुन्या, गोठवून ठेवलेल्या नमुन्यांवर ते तपासून पाहतात. डीप फ्रीझरमधल्या रॅकमधून जे पंधरा-वीस नमुने काढले, त्यात तिचा होता. ॲव्हिडिटी भरपूर वर आली. याचा अर्थ रक्त घेतलं त्या दिवशी तिचा संसर्ग किमान चार महिन्यांचा जुना होता. आणि दिवस गेल्याला तर तीन महिने झाले होते. म्हणजे संसर्ग गर्भ राहायच्या आधीचा, कदाचित कित्येक वर्षांपूर्वीचा. त्या बाळाला टॉक्सोप्लाझ्माची भीती जवळजवळ नव्हतीच.

मी तिला शोधलं नाही. शोधून काय सांगणार होते, ते तेव्हा सुचलं नाही आणि आजही सुचत नाही. रिपोर्टवरचा आकडा बरोबर होता, किटच्या नियमाप्रमाणे शब्दही बरोबर होता. त्याखाली एक ओळ लिहायला हवी होती, की या तपासणीवरून संसर्ग कधीचा हे कळत नाही, पुढची तपासणी केल्याशिवाय निर्णय घेऊ नये. ती ओळ मी लिहिली नाही. आजही कितीतरी रिपोर्टांवर ती नसते. म्हणून ती इथे सविस्तर लिहिते.

टॉक्सोप्लाझ्मा हा एकपेशीय परजीवी आहे. १९०८ साली ट्युनिसमध्ये शार्ल निकोल आणि लुई मॉन्सो यांना तो गुंडी नावाच्या उंदरासारख्या प्राण्यात सापडला, त्याच वर्षी ब्राझीलमध्ये स्प्लेंडोर यांना सशात दिसला. माणसाच्या पोटात तो मुख्यतः दोन वाटांनी जातो. एक, अर्धकच्च्या मांसातून. दुसरी, मांजराच्या विष्ठेतून मातीत आणि पाण्यात मिसळलेल्या त्याच्या सूक्ष्म अंड्यांसारख्या कोषांतून. न धुतलेली भाजी, मातीचे हात, उघड्यावरचं पाणी. बहुतेकांना आपल्याला काही झालं हे कळतही नाही. थोडी कणकण, मानेला गाठी, आठवडाभर अंग मोडून आल्यासारखं, आणि संपलं. परजीवी मात्र जात नाही. तो स्नायूंत, मेंदूत बारीक गाठोडी करून झोपतो, आणि शरीराची प्रतिकारशक्ती त्याला जन्मभर तसाच झोपवून ठेवते. भारतात झालेल्या पाहण्यांत साधारण दर चार-पाच जणांत एकाच्या रक्तात त्याची जुनी खूण सापडते. तुमच्या ओळखीच्या निरोगी, दोन-दोन लेकरांच्या आयांमध्येही अशा कित्येकजणी असतील.

ही खूण म्हणजे प्रतिपिंडं, अँटिबॉडी. परका जीव आत आला की शरीर त्याला ओळखून धरणारी प्रथिनं तयार करतं. पहिल्या आठवड्यात येतात ती आयजीएम. एक-दोन आठवड्यांनी येतात ती आयजीजी, आणि ती जन्मभर राहतात. आम्हाला शिकवलेलं सोपं गणित असं, की आयजीएम असेल तर संसर्ग नवा, नुसतं आयजीजी असेल तर जुना. पुष्कळ आजारांत ते बऱ्यापैकी जमतं. टॉक्सोप्लाझ्मात जमत नाही, कारण इथे आयजीएम काही महिने, आणि काही बायकांत काही वर्षंसुद्धा रेंगाळतं. शिवाय संधिवाताच्या घटकासारख्या दुसऱ्याच कुठल्या प्रथिनामुळे किट फसतं आणि परजीवी कधी शिवलेलाही नसताना आयजीएम दाखवतं.

सांगली-कोल्हापूरकडे नदीकाठच्या घरांच्या भिंतींवर पुराच्या पाण्याची रेघ राहिलेली असते. रेघ सांगते की पाणी इथवर आलं होतं. ते २००५ साली आलं की २०१९ साली, हे नुसत्या रेघेवरून सांगता येत नाही. आणि कधीकधी ती रेघ पुराची नसतेच, गळक्या पन्हळीच्या ओलीची असते. पॉझिटिव्ह आयजीएम ही तशी रेघ आहे. ती दिसली म्हणजे चौकशी करायची. भिंत पाडायला निघायचं नाही.

थोडा हिशेब करून पाहा. समजा, १००० गरोदर बायकांची तपासणी केली आणि त्यातल्या तिघींनाच खरोखर या गरोदरपणात संसर्ग झाला आहे. किट चांगलं आहे, शंभरात दोनदाच चुकीचं पॉझिटिव्ह दाखवतं. तरी सुमारे २० बायकांना खोटा पॉझिटिव्ह मिळणार आणि तिघींना खरा. तेवीस घरांत सारखाच कागद जाणार, सारखीच अक्षरं, सारखीच रडारड. कोणत्या तीन घरांत ती खरी, हे त्या कागदावरून ओळखता येणार नाही. हा आकड्यांचा नमुना मी समजावण्यासाठी घेतला आहे, पण आजार विरळ असला की कुठल्याही तपासणीचं असंच होतं, आणि हे न सांगता रिपोर्ट हातात देणं म्हणजे माणसाला अंधारात ढकलणं आहे.

अमेरिकेत हा प्रश्न इतका पुढे गेला की १९९७ साली तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने डॉक्टरांना जाहीर इशारा दिला: बाजारातल्या टॉक्सोप्लाझ्मा आयजीएम किटच्या एकट्या निकालावर गरोदर बाईला नवा संसर्ग आहे असं ठरवू नका. कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो इथे या आजाराची एक संदर्भ प्रयोगशाळा आहे. बाहेर आयजीएम पॉझिटिव्ह आलेल्या शेकडो गरोदर बायकांचं रक्त तिथे पुन्हा सखोल तपासलं, तेव्हा निम्म्याहून अधिक जणींचा संसर्ग जुना निघाला. तो निकाल नीट समजावून त्यांच्या डॉक्टरांपर्यंत पोचवल्यावर विनाकारण होणारे गर्भपात सुमारे निम्म्याने कमी झाले. हे २००१ साली प्रसिद्ध झालं. नुसतं थांबून, दुसऱ्यांदा तपासून, फोनवर चार वाक्यं बोलून एवढी मुलं वाचली. ती वाचवायला नवं औषध लागलं नव्हतं. आपल्याकडे हे अजून घरोघरी का पोचलं नाही, याचं उत्तर माझ्यासारख्या सही करणाऱ्यांनी द्यायला हवं.

'टॉर्च' हे नावसुद्धा या कामासाठी नव्हतं. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला आंद्रे नाहमियास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते रूढ केलं. टॉक्सोप्लाझ्मा, रुबेला, सायटोमेगॅलो, हर्पिस या संसर्गांची खूण नवजात बाळांत एकसारखी दिसते, म्हणून आजारी बाळ पाहताना ही चारही नावं एकत्र आठवावीत, असा त्यामागचा विचार. आपल्याकडे ती चार नावं एका पॅकेजमध्ये गेली आणि मूल पडलेल्या प्रत्येक बाईच्या चिठ्ठीवर आली.

ज्यांचं मूल दोनदा-तीनदा पडलं आहे, अशा मुलींना मला वेगळं सांगायचं आहे. जुना टॉक्सोप्लाझ्मा पुन्हा पुन्हा गर्भ पाडत नाही. संसर्ग एकदा झाला की शरीर तयार असतं, आणि पुढच्या गरोदरपणात तो बाळापर्यंत सहसा पोचत नाही. ब्रिटनमधल्या प्रसूतितज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने तर वारंवार गर्भपात होणाऱ्या बायकांची सरसकट टॉर्च तपासणी बंद करा, असंच आपल्या मार्गदर्शक सूचनेत म्हटलं आहे. 'तुझ्या रक्तात टॉर्च आहे, म्हणून मूल राहत नाही' असं कुणी म्हणालं असेल, तर ते वाक्य मनातून काढून टाका. नवरा त्या वाक्यावर घटस्फोटाचं बोलला, अशीही एक मुलगी माझ्यासमोर बसून रडली आहे. तिच्या रक्तात होतं ते फक्त आयजीजी. दर चार-पाच माणसांत एकाच्या असतं ते, आणि कदाचित त्या नवऱ्याच्याही रक्तात असेल. खरं कारण थायरॉइडमध्ये, साखरेत, गर्भपिशवीच्या रचनेत, गुणसूत्रांत किंवा रक्त गोठण्याच्या दोषात शोधावं लागतं. टॉर्चच्या पैशात त्यातल्या एक-दोन तपासण्या होऊन जातात.

आता उलट बाजू, कारण मला कुणालाही खोटा धीर द्यायचा नाही. संसर्ग खरोखर गरोदरपणातच झाला असेल, तर तो गंभीर असतो. पॅरिसमध्ये जॉर्ज देमों आणि जाक कुव्रर यांनी १९७४ साली दाखवून दिलं, की पहिल्या तिमाहीत आईकडून बाळाला तो लागण्याचं प्रमाण कमी, शंभरात दहा-पंधरा, पण लागला तर इजा मोठी: डोक्यात पाणी, मेंदूत चुन्याचे ठिपके, डोळ्याच्या पडद्यावर व्रण. शेवटच्या तिमाहीत लागण्याचं प्रमाण साठाच्याही पुढे जातं, पण इजा बहुधा सौम्य, कित्येकदा जन्मताना दिसतही नाही. खरा संसर्ग असला तरी पहिल्या तिमाहीतली बहुतेक बाळं सुटतात. आणि औषध आहे. स्पायरामायसिन लवकर सुरू केलं जातं. बाळापर्यंत संसर्ग पोचल्याचं कळलं तर पुढची वेगळी औषधं आहेत.

फ्रान्समध्ये १९७८ पासून आणि ऑस्ट्रियात त्याच्याही आधीपासून गरोदर बायकांची ही तपासणी ठरवून होते. पण पद्धत पाहा. सुरुवातीलाच एकदा रक्त बघतात. ज्यांच्यात खूण नाही त्यांचं ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा बघतात, फ्रान्समध्ये दर महिन्याला. मार्चमध्ये निगेटिव्ह आणि एप्रिलमध्ये पॉझिटिव्ह आली, की संसर्गाची तारीख जवळजवळ हातात येते. प्रतिपिंडांची तपासणी खरं बोलते ती अशी, दोन नमुन्यांतल्या फरकातून. आपण चौथ्या महिन्यात एकच नमुना घेतो आणि त्याला तारीख विचारतो.

तारीख काढायचा दुसरा मार्ग म्हणजे ती ॲव्हिडिटी. हेलसिंकीत क्लाउस हेडमन यांच्या गटाने १९८९ साली ती मांडली. नव्या संसर्गात तयार झालेली आयजीजी परजीवीला सैल धरतात, महिने जातील तशी पकड घट्ट होत जाते. ताटलीत शेजारशेजारच्या दोन खळग्यांत एकाच बाईचं सीरम घालायचं. एक खळगा साध्या द्रावणाने धुवायचा, दुसरा युरियाच्या द्रावणाने. सैल पकडीची प्रतिपिंडं युरियाने सुटून वाहून जातात, घट्ट पकडीची राहतात. शेवटी रंग येतो. दोन्ही खळगे सारखेच पिवळेधमक दिसले, तर संसर्ग जुना. दुसरा फिका पडला, तर पुढे पाहायचं. त्या मुलीचे दोन खळगे माझ्या डोळ्यांसमोर आहेत. एकाला झाकून दुसरा ओळखता आला नसता.

यातही एक अट नीट लक्षात ठेवा. ॲव्हिडिटी जास्त आली तर गेल्या चार महिन्यांत संसर्ग झाला नाही असं खात्रीने म्हणता येतं, म्हणून पहिल्या सोळा आठवड्यांत केली तर तिचा सर्वात जास्त उपयोग. कमी आली तर मात्र 'संसर्ग नवाच' असं ठरत नाही, कारण काही बायकांत पकड वर्षभरही सैल राहते. म्हणजे कमी ॲव्हिडिटीचा कागद हातात पडला, तरी गर्भपाताचा निर्णय त्यावर घ्यायचा नाही. आणि सातव्या महिन्यात केली, तर जास्त ॲव्हिडिटीवरून सुरुवातीच्या आठवड्यांबद्दल काही बोलता येत नाही. उशीर करू नका तो इथे.

मग कागद हातात आल्यावर करायचं काय? पहिली गोष्ट, पॉझिटिव्ह या शब्दाशेजारचा आकडा आणि किटची मर्यादा काय ते पाहा, दोन्ही डॉक्टरांना दाखवा. काठावरचा आकडा असेल तर तसं स्पष्ट विचारा. आयजीजीचं काय आलं ते पाहा. आयजीएम पॉझिटिव्ह पण आयजीजी निगेटिव्ह असेल, तर एकतर संसर्ग अगदी ताजा आहे किंवा आयजीएम खोटं आहे. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा रक्त द्या. तेव्हाही आयजीजी आलं नाही, तर आयजीएम खोटं होतं. दोन्ही पॉझिटिव्ह असतील, तर ॲव्हिडिटी करून घ्या. तुमच्या गावात ती होत नसेल तर नमुना मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत पाठवता येतो. तुम्ही जायची गरज नाही, डबीतलं सीरम जातं. सोबत दोन-तीन आठवड्यांनी दुसरा नमुना द्या, आणि पहिला व दुसरा एकाच दिवशी, एकाच किटवर, शेजारशेजार लावायला सांगा. वेगवेगळ्या प्रयोगशाळांतले, वेगवेगळ्या किटचे आकडे एकमेकांशी ताडून काही कळत नाही. आकडा वाढला की घटला यावरून कुणी घाबरवलं, तर पहिला प्रश्न हाच विचारा: दोन्ही नमुने एकाच ताटलीत होते का?

या दिवसांत डॉक्टरांनी खबरदारी म्हणून स्पायरामायसिन सुरू केलं, तर ते घ्या. 'रिपोर्ट खोटाही असू शकतो' म्हणून औषध मनाने सोडू नका. संशय उरलाच, तर बारकाईची सोनोग्राफी आणि अठराव्या आठवड्यानंतर गर्भजलाची पीसीआर तपासणी आहे. त्यात परजीवी बाळापर्यंत पोचला आहे का हे थेट पाहतात. आईचं रक्त तेवढं सांगू शकत नाही.

'तोवर वेळ निघून जाईल' ही भीती मी फार ऐकली आहे. तेराव्या आठवड्यातल्या बाईला दोन-तीन आठवडे थांबल्याने कायद्याची कुठली दारं बंद होत नाहीत. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मताने गर्भपात करता येतो. २०२१च्या दुरुस्तीनंतर ठरावीक परिस्थितीत २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने, आणि बाळात गंभीर दोष असल्याचं वैद्यकीय मंडळाने सांगितलं तर त्याच्याही पुढे. गर्भ ठेवायचा की नाही हा त्या बाईचा अधिकार आहे आणि तो मी मानते. पूर्ण माहिती घेऊन तिने काहीही ठरवलं, तर मी तिच्या बाजूने उभी राहीन. अर्धवट कागदावर तिच्या वतीने दुसऱ्यांनी ठरवणं, ते थांबवायचं आहे.

सासूबाईंना, आईंना, नणंदांना हात जोडून सांगते: त्या पोरीला 'काय खाल्लंस, मांजर कशाला पाळलंस' असं विचारू नका. मांजर सहसा आयुष्यात एकदाच, दोनेक आठवडे हे कोष टाकतं, आणि बाहेर पडल्यावर ते एक ते पाच दिवसांनी लागण्याजोगे होतात. मांजराला हात लावल्याने सहसा काही होत नाही. त्याची घाण रोजच्या रोज, गरोदर बाईऐवजी दुसऱ्या कुणी काढावी, एवढं पुरे. पाळलेलं मांजर पोत्यात घालून शिवाराबाहेर सोडून येऊ नका. खरी काळजी स्वयंपाकघरात आणि रानात घ्यायची. कुकरच्या शिट्ट्यांत शिजलेल्या मटणाची भीती नाही. भीती आहे ती कच्च्या खिम्याचं मीठ जिभेवर चाखून बघण्याची, आणि मटण चिरलेल्या विळीवर लगेच कोशिंबिरीची काकडी चिरण्याची. खुरपणी करून आल्यावर साबणाने हात, नखांतली मातीसुद्धा, धुऊन मगच भाकरीला हात लावा. कोथिंबीर, मेथी, पात भरपूर पाण्यात दोन-तीनदा खळबळून घ्या. ज्यांच्या रक्तात आयजीजी नाही, त्यांनीच हे जास्त सांभाळायचं आहे, कारण त्यांनाच नवा संसर्ग होऊ शकतो. गंमत अशी नव्हे तर दुःख असं, की निगेटिव्ह रिपोर्टवाल्या बाईला आपण 'सुटलीस' म्हणतो आणि काही सांगत नाही.

काहींनी मात्र या तपासणीला टाळाटाळ करू नये. एचआयव्ही असलेल्या, मूत्रपिंड किंवा दुसरा अवयव बसवलेल्या, किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्या माणसाला आपल्या रक्तात आयजीजी आहे का हे माहीत असलंच पाहिजे. झोपलेला परजीवी त्यांच्यात जागा होऊन मेंदूवर येऊ शकतो, आणि ते टाळायच्या गोळ्या उपलब्ध आहेत. अशा माणसाला डोकेदुखी, झटका, एका बाजूची कमजोरी दिसली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. डोळ्यापुढे अचानक जाळं आलं, तर डोळ्यांच्या डॉक्टरांना टॉक्सोप्लाझ्माबद्दल विचारा. नवजात बाळाचं आयजीजी पॉझिटिव्ह आलं म्हणून खचू नका. ते आईचं असतं, वारेतून गेलेलं, आणि वर्षभरात उतरून जातं. आयजीएम आणि आयजीए वार ओलांडत नाहीत, म्हणून बाळाची ती दोन वेगळी पाहावी लागतात. बाळाला खरंच संसर्ग असेल तर वर्षभर औषध द्यावं लागतं, आणि ते दिलेली बहुतेक मुलं शाळेत जातात, खेळतात.

माझ्या व्यवसायबंधूंना आणि भगिनींना दोन शब्द. रिपोर्टाखाली ती ओळ मराठीत छापा. एक शिक्का करून घेतलात तरी चालेल. काठावरच्या आकड्याला पॉझिटिव्ह म्हणू नका, काठावरचा म्हणा. गरोदर बाईचा आयजीएम पॉझिटिव्ह आला की कागद खिडकीतून सरकवू नका. तिच्या डॉक्टरांना फोन करा. तालुक्याच्या गावी दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरांवर किती ताण असतो ते मला माहीत आहे. उद्या मूल अधू निघालं तर लोक अंगावर येतील, ही भीती खोटी नाही. तरीसुद्धा 'वेडंवाकडं निघेल' हे वाक्य ॲव्हिडिटी हातात येईपर्यंत उच्चारू नका. एकदा ते घरात शिरलं की दुसरा रिपोर्ट चांगला आला तरी बाहेर जात नाही.

आणि हे आत्ता, वाचून होताच करा. बहुतेक प्रयोगशाळा तपासून झालेला नमुना थोडेच दिवस ठेवतात, मग तो टाकून देतात. तुमचा पहिला नमुना म्हणजे त्या तारखेचा एकमेव साक्षीदार. तो गेला तर दुसऱ्या नमुन्याशी ताडायला काही उरत नाही. रिपोर्टवर प्रयोगशाळेचा नंबर छापलेला असतो. फोन लावा, रिपोर्ट क्रमांक सांगा आणि म्हणा, "हे सीरम टाकू नका, गोठवून ठेवा. ॲव्हिडिटीला पाठवायचं आहे." कुणी कुरकुर केली, तर स्वतः जाऊन उभे राहा. त्या नळीवर मार्करने नाव आणि तारीख लिहिलेली आहे, ती डोळ्यांनी पाहूनच घरी या.